ग्लायडर शिकायचंय? मग आठवड्यातून किती वेळा उडायचं, ते आधी समजून घ्या

मोबाइलवर कधीतरी ग्लायडरचा व्हिडिओ समोर येतो. इंजिनाची घरघर नाही, लांबलचक पांढरे पंख, खाली शेतं आणि बाजूने घिरट्या घालणारी एखादी घार. बघताक्षणी वाटतं, आपणही हे शिकावं. मग पुढचे प्रश्न येतात. क्लास रोज असतो का? महिन्यातून एकदा गेलं तर चालेल का? सुट्टी काढून आठवडाभरात उरकता येईल का?

आधी थोडक्यात उत्तर. नवशिक्याने आठवड्यातून किमान एक दिवस उडावं आणि त्या दिवशी तीन-चार उड्डाणं करावीत. आठवड्यातून दोन दिवस जमले तर उत्तम. दोन वेळांमधलं अंतर पंधरा दिवसांपलीकडे जाऊ देऊ नये. महिन्यातून एकदाच जाता येत असेल, तर शिकणं पुढे सरकण्याऐवजी प्रत्येक वेळी मागचंच गिरवणं होतं.

हे असं का, ते आता सविस्तर बघू. कारण यात तुमचे पैसे, तुमचा उत्साह आणि तुमची सुरक्षितता, या तिन्ही गोष्टी अडकलेल्या आहेत.

ग्लायडरचा 'एक धडा' किती मिनिटांचा असतो?

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. त्याला वर न्यायला बाहेरची मदत लागते. ही मदत प्रामुख्याने दोन प्रकारांनी मिळते.

पहिला प्रकार विंचचा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक ताकदवान यंत्र असतं. ते लांब दोर वेगाने गुंडाळत जातं आणि दोराला जोडलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते साधारण ३०० ते ४५० मीटर उंची गाठतं. मग दोर सोडून द्यायचा. दुसऱ्या प्रकारात इंजिनाचं विमान ग्लायडरला ओढत वर नेतं आणि बऱ्याचदा ६०० मीटरच्या आसपास सोडतं. हा प्रकार महाग पडतो, पण हवेत जास्त वेळ मिळतो.

दोर सुटला की ग्लायडर हळूहळू खाली येऊ लागतं. वर उठणारी गरम हवा, म्हणजे थर्मल, सापडली तर तासन्‌तास वर राहता येतं. नवशिक्याला सुरुवातीला ते जमत नाही. त्यामुळे विंचने वर गेलेलं शिकाऊ उड्डाण बहुतेकदा पाच-सात मिनिटांत संपतं. विमानाने ओढून नेलं तर पंधरा-वीस मिनिटं मिळतात.

म्हणजे दिवसभर मैदानावर थांबून विंचने तीन-चार उड्डाणं केली, तरी प्रत्यक्ष हवेत मिळणारा वेळ अर्ध्या तासाच्या आतच. गाडी शिकताना एका दिवशी जेवढा वेळ स्टिअरिंग हातात असतं, साधारण तेवढाच.

आता आठवून बघा. आपल्याकडे मोटर ड्रायव्हिंग स्कूलवाले काय सांगतात? रोज अर्धा तास, पंधरा-वीस दिवस सलग या. तोच अर्धा तास महिन्यातून एकदा घेऊन कुणी गाडी शिकलंय का? पोहण्याचंही तसंच. उन्हाळ्याच्या सुट्टीतली महिनाभराची बॅच मुलांना पोहायला शिकवते, पण वर्षभरातल्या बारा सुट्ट्या रविवारांमध्ये तेच काम होत नाही. ग्लायडरलाही हाच नियम लागू पडतो, उलट जास्तच कडकपणे.

हात काय लक्षात ठेवतात आणि डोकं काय विसरतं?

ग्लायडर चालवताना दोन वेगवेगळ्या प्रकारची कौशल्यं एकाच वेळी लागतात.

पहिलं कौशल्य हातापायांचं. उजव्या हातात स्टिक, पायाखाली रडरची पेडल्स. वळताना हात आणि पाय एकमेकांशी जुळवून हलवावे लागतात. ते जुळतायत की नाही, हे सांगायला कॅनॉपीच्या काचेवर बाहेरून एक लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. धागा सरळ मागे राहिला तर वळण बरोबर. तो तिरका झाला तर ग्लायडर हवेत घसरतंय असं समजायचं. लाखो रुपयांच्या ग्लायडरमध्येही हा साधा धागा असतोच, कारण याहून सोपं आणि चटकन कळणारं साधन नाही.

हे हातापायांचं कौशल्य सायकलसारखं असतं. एकदा नीट बसलं की लवकर जात नाही. पण अडचण 'नीट बसलं की' या शब्दांत आहे. पहिल्या दहा-पंधरा उड्डाणांत ते बसलेलं नसतं. सायकल दोनदाच चालवून सहा महिने सोडून दिली, तर पुन्हा पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागते.

दुसरं कौशल्य क्रमाचं आणि निर्णयाचं. उड्डाणाआधी काय काय तपासायचं? स्टिक आणि पेडल मोकळी फिरतात का, वजन मर्यादेत आहे का, पट्टे बांधलेत का, उपकरणं ठीक आहेत का, ट्रिम कुठे आहे, कॅनॉपी घट्ट बंद आहे का, एअरब्रेक बंद करून लॉक केलेत का, आणि दोर मध्येच तुटला तर काय करायचं. नंतर हवेत प्रश्न येतात. कोणत्या उंचीवर उतरायच्या मार्गाला लागायचं, वारा कुठून आहे, शेवटचं वळण कधी घ्यायचं?

हे दुसरं कौशल्य पटकन पुसलं जातं. विमान चालवण्याच्या प्रशिक्षणात हे पुन्हा पुन्हा दिसून आलंय की हातांची सवय बरीच टिकते, पण पायऱ्यांचा क्रम आणि प्रसंगी घ्यायचे निर्णय खंड पडल्यावर आधी ढिले पडतात. त्यात धोका असा की आपण विसरलोय हे आपल्याला जाणवत नाही. स्टिक हातात आली की वाटतं, अरे, सगळं आठवतंय! आणि नेमकी तपासणीतली एक पायरी गाळली जाते.

पोस्टमन मंडळींवरचा एक प्रयोग

"मग रोजच सकाळ-संध्याकाळ उडालो तर?" असा प्रश्न साहजिकच येतो. त्यासाठी शिकण्याच्या मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग बघू.

ब्रिटनच्या टपाल खात्याला आपल्या पोस्टमनना टायपिंग शिकवायचं होतं. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी पोस्टमनचे चार गट केले. एका गटाला रोज एकदा एक तास, दुसऱ्याला रोज दोनदा एक तास, तिसऱ्याला रोज एकदा दोन तास आणि चौथ्याला रोज दोनदा दोन तास. १९७८ मध्ये याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कीबोर्ड आत्मसात करायला रोज एकच तास शिकणाऱ्यांना सुमारे ३५ तास लागले. रोज चार तास शिकणाऱ्यांना सुमारे ५० तास. म्हणजे थोडं थोडं शिकणाऱ्यांचे तास वाचले. पण दिवस मोजले तर चित्र उलटं होतं. रोज चार तासवाले कमी दिवसांत पोहोचले, तर एक तासवाल्यांना कित्येक आठवडे लागले.

यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे एक तासवाला गटच सर्वात कमी समाधानी होता. दुसरे पुढे गेले आणि आपण मागे पडलो, असं त्यांना वाटत होतं. खरं तर प्रत्येक तासाचा सर्वात जास्त फायदा त्यांनाच मिळत होता.

ग्लायडरच्या शिकाऊ वैमानिकासाठी यातून दोन गोष्टी कळतात. एकाच दिवशी खूप उड्डाणं कोंबली तर प्रत्येक उड्डाणातून कमी शिकायला मिळतं आणि पैसे तर उड्डाणागणिक जातात. दुसरं म्हणजे, आपण हळू चाललोय असं वाटणं हे वाईट शिकण्याचं लक्षण नाही. मात्र एक फरक विसरू नका. त्या पोस्टमनच्या दोन धड्यांमध्ये अंतर एका दिवसाचं होतं, महिन्याचं नाही. थोडं अंतर फायद्याचं असतं, खूप अंतर मात्र नुकसानीचं.

आठवडा, पंधरवडा आणि महिना यांचा हिशेब

समजून घेण्यासाठी एक साधं गणित मांडू. आकडे सोपे घेतलेत, पण त्यामागची गोष्ट खरी आहे.

समजा तिघी मैत्रिणी एकाच दिवशी शिकायला लागल्या. प्रत्येक जण मैदानावर आली की चार उड्डाणं करते. इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने उडण्यापर्यंत, म्हणजे सोलोपर्यंत, पोहोचायला प्रत्येकीला नवं काहीतरी शिकवणारी ४५ उड्डाणं हवीत असं धरू.

पहिली दर आठवड्याला येते. तिचं एक उड्डाण हात बसवण्यात जातं, तीन उड्डाणांत नवं शिकते. तिला १५ दिवस यावं लागेल, म्हणजे साडेतीन महिने आणि एकूण ६० उड्डाणं.

दुसरी पंधरवड्याने येते. तिची दोन उड्डाणं उजळणीत जातात, दोन कामी येतात. तिला २३ फेऱ्या लागतील, म्हणजे साडेदहा महिने आणि ९० च्या आसपास उड्डाणं.

तिसरी महिन्यातून एकदा येते. तिची तीन उड्डाणं मागचं आठवण्यात जातात, एकच पुढे नेतं. तिला ४५ महिने लागतील. पावणेचार वर्षं आणि १८० उड्डाणं!

म्हणजे महिन्याने येणारीला वाटतं की आपण पैसे वाचवतोय, पण शेवटी ती पहिलीच्या तिप्पट खर्च करते. त्यातही एवढी वर्षं कुणी टिकत नाही. साताठ महिन्यांनी मनात येतं, "मला हे जमतच नाही." जमत नसतं असं नाही. अंतर चुकलेलं असतं, पण दोष मात्र स्वतःच्या डोक्याला दिला जातो. नवशिके मध्येच सोडून देतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

एका दिवसात किती उड्डाणं पुरे?

तीन ते चार. विंचची छोटी उड्डाणं असतील तर ताज्यातवान्या माणसाला पाच-सहाही चालतात. त्यापुढे मात्र थांबावं.

वर कॅनॉपीच्या काचेखाली ऊन थेट अंगावर येतं. पाणी कमी पडतं, मान सतत फिरत असते, लक्ष ताणलेलं असतं. चौथ्या-पाचव्या उड्डाणानंतर तुम्ही आधी बरोबर केलेली गोष्ट चुकवायला लागलात, तर समजा की आजचा दिवस संपला. चुकीची सवय घट्ट करून घरी जाण्यापेक्षा बरोबर केलेलं शेवटचं उड्डाण मनात घेऊन जाणं फायद्याचं.

एकाच दिवसात फक्त एक उड्डाण करून परत येणंही टाळा. पहिल्या उड्डाणात झालेली चूक दुसऱ्या उड्डाणात लगेच सुधारता आली, तर ती पक्की बसते. लँडिंग शिकताना तर हे फार कामाचं. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगाने जमीन वर येताना नेमकं कधी स्टिक मागे घ्यायची, हे सांगून कळत नाही. पाठोपाठ तीन वेळा केलं की कळतं.

टप्प्याप्रमाणे वेळापत्रक बदला

सगळा काळ एकाच गतीने जायला हवं असं नाही. कोणत्या टप्प्यावर आहात, त्यावर अंतर ठरवा.

पहिली दहा-पंधरा उड्डाणं: इथे अंतर सर्वात कमी ठेवा. आठवड्यातून दोन दिवस किंवा सलग चार-पाच दिवस. या काळात सरळ उडणं, वळणं आणि हातापायांचा मेळ बसतो. इथेच खंड पडला तर सगळ्यात जास्त नुकसान.

उड्डाण आणि लँडिंगचा टप्पा: आठवड्यातून एक दिवस पुरतो, पण त्या दिवशी तीन-चार उड्डाणं हवीत.

स्टॉल, स्पिन आणि दोर तुटण्याचा सराव: स्टॉल म्हणजे वेग फार कमी होऊन पंखांची उचल हरवणं. स्पिन म्हणजे त्याच अवस्थेत गरगर फिरत खाली जाणं. याचा सराव थकवणारा असतो. एका दिवशी थोडाच करा, पण दर आठवड्याला करा.

सोलोच्या आधीचे दिवस: पुन्हा अंतर कमी करा. शेवटच्या तीन-चार फेऱ्या दहा दिवसांत बसवता आल्या तर बघा. एकट्याने पाठवायचं की नाही, हे इन्स्ट्रक्टर तुमची सलग काही उड्डाणं बघूनच ठरवतात. मध्ये तीन आठवडे गेले की त्यांनाही पुन्हा पहिल्यापासून खात्री करून घ्यावी लागते.

सोलोनंतर: इथे बरेच जण ढिले पडतात. "आता येतंय की" असं वाटतं. पण पाच-दहा सोलो उड्डाणं केलेला माणूस अजूनही नवशिकाच असतो. किमान पंधरा दिवसांतून एकदा उडत राहा.

खरा प्रश्न सुरक्षिततेचा

पैसे आणि वेळ हा एक भाग झाला. पण नियमित उडण्यामागचं सर्वात महत्त्वाचं कारण वेगळंच आहे.

इंजिनाच्या विमानात लँडिंग बिघडतंय असं वाटलं तर वैमानिक इंजिनाची ताकद वाढवून पुन्हा वर जातो आणि दुसरी फेरी मारतो. ग्लायडरमध्ये ही सोय नाही. प्रत्येक लँडिंग पहिल्याच प्रयत्नात जमवावं लागतं. उंची, वारा आणि वेग यांचा अंदाज ताजा असावा लागतो, आणि हा अंदाज महिनाभर वापरला नाही की बोथट होतो.

दुसरा प्रसंग विंचचा दोर तुटण्याचा. ग्लायडर नाक बरंच वर करून चढत असतं. अचानक दोर तुटला की ओढ संपते आणि काही सेकंदांत वेग घसरायला लागतो. अशा वेळी लगेच नाक खाली घ्यायचं, पुरेसा वेग परत आलाय याची खात्री करायची, आणि मगच ठरवायचं की समोर सरळ उतरायचं की वळून यायचं. वेग परत येण्याआधी घाईने वळलं किंवा एअरब्रेक उघडले, तर जमिनीजवळच स्टॉल होऊ शकतो आणि सावरायला उंची उरत नाही.

इथे विचार करायला वेळ नसतो. हात आपोआप चालावे लागतात. म्हणूनच इन्स्ट्रक्टर शिकवताना मुद्दाम मध्येच दोर सोडून देतात आणि विद्यार्थी काय करतो ते बघतात. हा सराव तीन महिन्यांपूर्वी एकदा केला होता, एवढं पुरत नाही. तो ताजा असावा लागतो.

नियम काय सांगतात?

आठवड्यातून किती वेळा उडायचं, हे परवान्याच्या नियमांत लिहिलेलं नसतं. तिथे एकूण आकडे असतात.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार ग्लायडरच्या परवान्यासाठी किमान ६ तासांचं उड्डाण हवं. त्यात २ तास सोलो आणि किमान २० उड्डाणं-लँडिंग. अमेरिकेत अगदी नवख्या माणसाला खासगी परवान्यासाठी किमान १० तास, २० उड्डाणं आणि २ तास सोलो लागतात. युरोपात १५ तासांचं प्रशिक्षण आणि ४५ उड्डाणं-लँडिंग असा किमान निकष आहे. भारतात विद्यार्थी वैमानिक परवान्यासाठी किमान वय १६ वर्षं आहे.

हे सगळे आकडे किमान आहेत. त्याच आकड्यांत परवाना मिळेल असं नाही. अंतर जितकं जास्त, तितके तुम्ही या किमान आकड्यापासून लांब जाता.

परवाना मिळाल्यानंतरही नियम 'ताजेपणा' मागतात. युरोपात मागच्या २४ महिन्यांत किमान ५ तास, १५ उड्डाणं आणि इन्स्ट्रक्टरबरोबर २ प्रशिक्षण उड्डाणं झालेली असावी लागतात. प्रवासी सोबत न्यायचा असेल तर मागच्या ९० दिवसांत ३ उड्डाणं-लँडिंग केलेली असावीत, असा नियम युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे आहे. परवाना असलेल्यांनाही ९० दिवसांचा हिशेब लागू असेल, तर ज्याला अजून नीट वळता येत नाही त्याने किती काळजी घ्यायला हवी, हे तुम्हीच ठरवा.

सुट्टी काढून कोर्स करावा की दर रविवारी जावं?

सर्वात चांगला मार्ग दोन्ही मिळून होतो. आधी सलग पाच-सहा दिवस उडून पाया पक्का करायचा, मग दर आठवड्याला जात राहायचं. सलग कोर्समध्ये सुरुवातीची हातापायांची गडबड लवकर संपते. पुढचे आठवडे ते शिकणं मुरवतात.

फक्त एक कोर्स करून वर्षभर काहीच केलं नाही, तर मात्र फारसं हाती लागत नाही. पुढच्या वर्षी बरंचसं नव्याने करावं लागतं.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींसाठी ही गोष्ट उपयोगाची आहे. तिथे ग्लायडिंगची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा तिथल्या तरुणांनी ग्लायडरकडे मोर्चा वळवला आणि १९२० मध्ये वासरकुप्पे डोंगरावर पहिली स्पर्धा भरवली. आजही तिथले बहुतेक क्लब शनिवार-रविवारी चालतात आणि इन्स्ट्रक्टर हौसेने, विनामोबदला शिकवतात. बदल्यात तुम्ही दिवसभर मैदानावर राबायचं. ग्लायडर ढकलायचं, पंखाचं टोक धरून धावायचं, दोर आणायचा. हा वेळ वाया गेला असं समजू नका. दुसऱ्यांची लँडिंग्ज बघूनही डोळा तयार होतो. तिथे सुरुवात एप्रिलमध्ये करा. सप्टेंबरमध्ये केली तर हात बसेपर्यंत हिवाळा येऊन सगळं थांबतं.

आपल्याकडे कधी सुरुवात करावी?

महाराष्ट्रात ग्लायडिंग म्हटलं की पुण्याच्या हडपसरचं नाव येतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर तिथे आहे आणि अनेक पुणेकरांनी विंचने वर जाण्याचा पहिला अनुभव तिथेच घेतलाय. चालू दिवस, वेळा, शुल्क आणि प्रशिक्षणाच्या जागा यांची चौकशी थेट केंद्रात करूनच बेत आखा.

आपल्या हवेचा विचार केला तर ऑक्टोबर-नोव्हेंबर ही सुरुवातीची चांगली वेळ. हिवाळ्यातल्या सकाळी हवा शांत असते आणि पहिली उड्डाणं शांत हवेतच करावीत. ग्लायडर आपल्या हाताने हललं की वाऱ्याने, हे तेव्हाच कळतं. तोवर मार्च येतो, जमीन तापते, थर्मल जोरात सुटतात. तेव्हा घारी जिथे घिरट्या घालतायत तिकडे वळायला शिकायचं. जूनपासून पाऊस, खाली आलेले ढग आणि ओलं मैदान यांमुळे खंड पडतोच. मेमध्ये सुरुवात केली तर चार-पाच फेऱ्यांतच पावसाळा गाठतो आणि शिकलेलं सगळं त्यात वाहून जातं.

वेळ किंवा पैसे कमी असतील तर?

एक, सुरुवात लांबवा पण तुकड्यातुकड्यांत करू नका. आज महिन्याला एक फेरी परवडत असेल, तर चार-पाच महिने पैसे साठवा आणि मग दर आठवड्याला जा. तेवढ्याच पैशांत जास्त पुढे जाल.

दोन, घरी सराव करा. खुर्चीत बसून डोळे मिटा आणि पूर्ण उड्डाण मनात करा. तपासणी मोठ्याने म्हणा, दोर सुटला, वळलो, एअरब्रेक उघडले, असं सगळं क्रमाने. पटकन विसरतो तो भाग हाच, आणि त्याच्या उजळणीला पैसे लागत नाहीत.

तीन, वही ठेवा. प्रत्येक उड्डाणानंतर दोन ओळी लिहा: काय जमलं आणि पुढच्या वेळी काय बघायचं. पुढच्या वेळी मैदानावर जाताना ती वाचा. इन्स्ट्रक्टर बदलले तर त्यांनाही दाखवा.

चार, कंप्युटरवर ग्लायडिंगचे सिम्युलेटर मिळतात. क्रम आणि उतरायचा मार्ग पक्का करायला ते चांगले. पण नजर सतत स्क्रीनवरच्या काट्यांवर ठेवायची सवय लागते, ती टाळा. खऱ्या ग्लायडरमध्ये नजर बाहेर हवी.

मध्ये खंड पडलाच तर?

आजारपण, परीक्षा, लग्नसराई, ऑफिस, काहीही होऊ शकतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. परत गेल्यावर इन्स्ट्रक्टरना आधीच सांगा, "सर, दीड महिना झाला उडून." पहिलं उड्डाण फक्त उजळणीसाठी ठेवा, नवं काही करायचा हट्ट धरू नका. हवा शांत असेल असा दिवस निवडा. सोलो झालेलं असेल तरी आधी इन्स्ट्रक्टरबरोबर उडा आणि दोर तुटण्याचा सराव पुन्हा करून घ्या.

थोडक्यात लक्षात ठेवा

आठवड्यातून एक दिवस आणि त्या दिवशी तीन-चार उड्डाणं, हा नवशिक्यासाठी चांगला मेळ. पहिल्या पंधरा उड्डाणांत आणि सोलोच्या आधी अंतर आणखी कमी करा. पंधरा दिवसांची मर्यादा शक्यतो ओलांडू नका. थकलात की थांबा.

शिकायला कधी सुरुवात करायची हे ठरवताना हातात किती पैसे आहेत हे तर बघाच, पण पुढचे तीन-चार महिने दर आठवड्याला एक सकाळ देता येईल का, हेही बघा. ती देता येत असेल, तर अर्ज करायला हरकत नाही.